तात्या आणि गुंड्या: दोन नर गिनी पिग एका पिंजऱ्यात आणण्याच्या नोंदी

५ जानेवारी

तात्याचा सोबती काळू जाऊन आज पाच आठवडे झाले. तात्या तेव्हापासून एकटाच आहे. वजन १०४० ग्रॅम, गवत खातोय, लेंड्या नेहमीसारख्या. वहीत लिहायचं तर सगळं ठाकठीक. पण फ्रिजचं दार वाजलं की ‘वीक-वीक’ करून घर डोक्यावर घेणारा प्राणी आता नुसती मान वर करतो आणि परत कोपऱ्यात बसतो. कोथिंबीर पुढ्यात ठेवली तर खातो, मागत मात्र नाही.

गिनी पिग हा कळपात राहणारा जीव. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून तो एकटा ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. मी रोज दोन तास मांडीवर घेऊन बसलो तरी उरलेल्या बावीस तासांचं काय, हे कोडं सुटत नाही.

मादी आणली तर पिल्लं होणार. गाभणकाळ साधारण दोन महिने, आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. हे गणित आपल्याला झेपणारं नाही. तात्याची नसबंदी करून मग मादी आणणं हा दुसरा रस्ता. खरं तर हीच जोडी सगळ्यात सहज जमते. पण अडीच वर्षांच्या धडधाकट प्राण्याला भूल द्यायची माझी तयारी नाही. राहता राहिला दुसरा नर. नरांची जोडी जमली तर वर्षानुवर्षं टिकते, फिसकटली तर रक्त निघेपर्यंत फिसकटते. नसबंदी केली की नर आपसांत भांडत नाहीत असं बरेच जण सांगतात, त्यात फारसं तथ्य नाही. भांडण जागेवरून, स्वभावावरून आणि मानापमानावरून होतं.

आईला सांगितलं. म्हणाली, “दोन बापे एका बिऱ्हाडात? बघ बाबा, तुझं तू निस्तर.”

ठरलं. नरच, पण वयाने लहान. बरोबरीच्या वयाचा नको.

११ जानेवारी

गुंड्या आला. दहा आठवड्यांचा, ४३० ग्रॅम, पांढरा, एका डोळ्यावर तपकिरी ठिगळ. तात्या अ‍ॅबिसिनियन जातीचा, त्याच्या अंगभर भोवरे आणि केस कुठल्याही दिशेला उभे. त्याच्यापुढे हा इस्त्री करून ठेवल्यासारखा दिसतो.

घरी आणायच्या आधी डॉक्टरांकडून दोन गोष्टी पाहून घेतल्या. पहिली म्हणजे तो खरंच नर आहे का. लहान वयात हे ओळखताना भल्याभल्यांची चूक होते, आणि दोन नर म्हणून आणलेल्या जोडीला पिल्लं झाल्याच्या कहाण्या कमी नाहीत. दुसरी, कातडी आणि छाती. दोन्ही स्वच्छ.

तरी तीन आठवडे वेगळी खोली. खरजेचे किडे, गजकर्ण, श्वासाचे आजार हे सगळं आतल्या आत शिजत असतं, वरून प्राणी छान दिसतो. नियम: आधी तात्याचं खाणं-पिणं, मग गुंड्याचं. उलट कधीच नाही. मधे हात साबणाने धुवायचे आणि शर्ट बदलायचा. शर्ट बदलण्याचा नियम मी किती दिवस पाळेन याची मला शंका आहे, पण लिहून ठेवतो.

१८ जानेवारी

गुंड्या ४६५ ग्रॅम. खाजवत नाही, शिंकत नाही. शर्टाचा नियम चालू आहे.

२३ जानेवारी

आज एक गंमत. गुंड्याला ढोबळी मिरची देताना उशीर झाला, तर त्याने आपल्या खोलीतून ‘वीक’ची सरबत्ती लावली. दोन भिंतींपलीकडून तात्याने उत्तर दिलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा! मग दहा मिनिटं दोघांची जुगलबंदी चालली. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “अरे, देऊन टाक त्यांना काय हवंय ते!” ढोबळी मिरची रोजच द्यावी लागते, आपल्यासारखंच यांच्या शरीरातही ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. आज मात्र दोघांना एकेक फोड जास्त दिली.

१ फेब्रुवारी

विलगीकरण संपलं. गुंड्या ५३५ ग्रॅम. त्याचा पिंजरा तात्याच्या शेजारी आणला, मधे चार बोटांचं अंतर आणि दोन्हीकडून जाळी.

जाळीतून ओळख करून द्यावी असं सगळे सांगतात. माझं मत आज संध्याकाळपर्यंत तसंच होतं. वास ओळखीचा होतो हे खरं. पण तात्या जाळीला नाक लावून तासभर दात कटकटवत राहिला, मग जाळीच चावायला लागला. पोचता येत नाही आणि हटताही येत नाही, अशी त्याची चिडचिड. रात्री मधे पुठ्ठा लावला तेव्हा दोघं झोपले. उद्यापासून पुठ्ठा कायम. आवाज आणि वास जातील, नजरानजर नको. शिवाय रोज एकाचं फ्लीस (खाली अंथरायचं मऊ कापड) दुसऱ्याच्या पिंजऱ्यात.

८ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न. फसला. मीच फसवला, असं म्हणणं जास्त खरं.

जागा तटस्थ हवी, म्हणजे जिथे दोघांपैकी कोणाचाच वास नाही. म्हणून न्हाणीघर घासून कोरडं केलं. फरशी गुळगुळीत आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. गुंड्या दोन पावलं टाकतो आणि मागचे पाय फाकतात. आधीच बावरलेला, त्यात हे.

तात्याने त्याला हुंगलं, त्याच्याभोवती घुरघुर करत दोन फेऱ्या मारल्या आणि अंगावर चढला. गुंड्या किंचाळला. तात्या उतरला, परत चढला. परत किंकाळी. तिसऱ्या किंकाळीला माझा धीर सुटला आणि मी गुंड्याला उचलून छातीशी धरलं. एकूण पंचवीस मिनिटं.

त्यानंतर तात्या संध्याकाळभर पिंजऱ्यात येरझाऱ्या घालत होता, आणि गुंड्या लपायच्या घरातून बाहेर आला नाही. उगाच दोघांचा दिवस खराब केला.

९ फेब्रुवारी

कालचं चित्रीकरण मोबाइलवर होतं. आज ते तीनदा पाहिलं, तिसऱ्यांदा आवाज वाढवून आणि घड्याळ लावून.

काल मला जे दिसलं नव्हतं ते हे: गुंड्या किंचाळला की तात्या थांबतो. तिन्ही वेळा, दोन सेकंदांच्या आत. पहिल्या वेळी तर किंकाळी पुरी होण्याआधीच तो खाली उतरलाय. म्हणजे ती किंकाळी ‘वाचवा’ नव्हती. ‘मान्य आहे बाबा, उतर आता’ अशी होती, आणि ज्याला उद्देशून होती त्याला ती नेमकी कळली होती. कळली नाही ती मला. त्यांचं बोलणं ठरत आलं असताना मी मधे पडून एकाला उचलून नेलं. तात्याच्या दृष्टीने समोरचा हरलाही नाही आणि जिंकलाही नाही, नुसता हवेत अदृश्य झाला. मग तो येरझाऱ्या घालणार नाही तर काय करेल?

म्हणून पुढच्या वेळेसाठी स्वतःला बजावून ठेवतो. हुंगणं, पाठलाग, ढुंगणाला नाक लावणं, घुरघुरत डोलत चालणं, अंगावर चढणं, ढुंगण जमिनीला घासत जाणं, दुसऱ्याच्या तोंडातलं हिसकावणं हे सगळं चालायचंच. यातूनच कोण वरचढ हे ठरतं आणि ते ठरल्याशिवाय दोघं शांत होणार नाहीत. दात कटकटवणं ही ताकीद आहे. कान टवकारून बसायचं, पण हात लावायचा नाही. मानेवरचे केस फुलवून, समोरासमोर उभे राहून नाकं वर करणं, त्यासोबत कटकट आणि जांभई दिल्यासारखे दात दाखवणं, हे आलं की टॉवेल हातात घ्यायचा. झेप घेऊन चावणं किंवा दोघांचा एकच गोळा होऊन गडगडणं म्हणजे खरी मारामारी. तिथे थांबवायचं, आणि तेही उघड्या हाताने अजिबात नाही. त्या क्षणी त्यांना बोट आणि शत्रू यांतला फरक कळत नाही, आणि त्यांचे पुढचे दात बोटाच्या हाडापर्यंत जाऊ शकतात.

दुसरं, लहान नर आणायचा निर्णय बरोबर होता याबद्दल आज जरा जास्त खात्री वाटली. जर्मनीतल्या म्यून्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनी पिगच्या सामाजिक वागण्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. कळपात, मोठ्या नरांच्या धाकात वयात आलेले नर पुढे अनोळखी नराशी गाठ पडली तरी फारसे भांडत नाहीत. एकटे किंवा फक्त एका मादीसोबत वाढलेले मात्र थेट अंगावर जातात, आणि त्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, भरपूर वर चढतं. म्हणजे रीतभात ही जन्मतः येत नाही, वयात येताना कोणीतरी मोठ्याने ती शिकवावी लागते. तात्याला ते काम द्यायचं आहे आणि मी त्याचा विद्यार्थी वर्गातून उचलून नेला.

आठवडाभर थांबतो. लगेच परत भेट नको.

१४ फेब्रुवारी

तयारी. दोघांची नखं कापली. बाहेरच्या खोलीत जाळ्यांची दीड मीटर बाय दीड मीटर चौकट उभी केली. या जमिनीवर दोघांपैकी कोणीही कधी फिरलेलं नाही. खाली जाड चादर, पाय घसरू नयेत म्हणून. आत एकही घर नाही, बोगदा नाही, अडोसा नाही. लपायला जागा दिली तर भेट पुढे ढकलली जाते, आणि कोपऱ्यात अडकलेला चावतो. फक्त मधोमध वाळलेल्या गवताचा ढीग. हाताशी केराची सुपली, जाड टॉवेल आणि भट्टीतून ताट काढायचे हातमोजे.

दोघांना एकत्र अंघोळ घालून वास सारखा करावा असंही सुचवलं जातं. मला ते पटत नाही. भिजलेले, कुडकुडणारे, घाबरलेले दोन प्राणी एकमेकांना चिकटून बसले तर ती मैत्री नव्हे.

१५ फेब्रुवारी

१०:१० – दोघांना एकाच वेळी, समोरासमोरच्या कोपऱ्यांत सोडलं. गवतावर कोथिंबीर आणि ढोबळी मिरचीचे तुकडे पसरले आहेत. फोन बंद. आईला सांगितलंय की किंकाळी ऐकू आली तरी यायचं नाही.

१०:१२ – नाकाला नाक. मग तात्याने गुंड्याच्या ढुंगणाशी नाक नेऊन सविस्तर चौकशी केली.

१०:२० – घुरघुर सुरू. लाकडी टेबलावर थरथरता फोन ठेवला की जसा आवाज येतो तसा, पण छातीतून. तात्या मागचा भाग डावी-उजवीकडे झुलवत, एकेक पाऊल जड करून टाकतो. अंगावरचे भोवरे फुलल्यामुळे मूळच्यापेक्षा दीडपट मोठा दिसतो आहे, आणि हे त्याला ठाऊक असावं.

१०:३५ – चढाई. चुकीच्या बाजूने, थेट डोक्यावर. गुंड्याची किंकाळी. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. तात्या उतरला.

१०:४० ते ११:१५ – हेच. पाठलाग, घुरघुर, चढाई, किंकाळी, उतरणं. मी चढाया मोजत होतो, अकराव्या चढाईनंतर मोजायचं सोडलं.

११:२० – गुंड्याने उलट घुरघुर केली! हा प्रकार अनपेक्षित. जेमतेम अर्ध्या वजनाचं पोर, आवाजही बारीक, पण चालणं हुबेहूब तात्याचं. तात्या वळला. दोघं समोरासमोर, नाकं वर, मधे एका कोथिंबिरीच्या काडीएवढं अंतर. तात्याचे दात कटकट करायला लागले. मी टॉवेल उचलला. गुंड्याचं नाक थरथरताना दिसत होतं. सात-आठ सेकंद असतील. मग त्याने नाक हळूच खाली आणलं, मान जरा बाजूला वळवली आणि जवळची गवताची काडी चावायला लागला, जणू काही तो मुळात त्यासाठीच तिथे आला होता. तात्याची कटकट थांबली. टॉवेल खाली ठेवताना माझा हात घामाने ओला होता.

१२:०० – दोघं खातायत, ढिगाच्या दोन बाजूंनी. तात्याने गुंड्याच्या तोंडातला मिरचीचा तुकडा ओढून घेतला. शेजारी तसलेच सहा तुकडे पडले होते. गुंड्याने दुसरा उचलला.

१:३० – तात्या आडवा, मागचा एक पाय बाजूला लांब केलेला. बिनघोर असल्याशिवाय ते असा पाय सोडत नाहीत. गुंड्या दोन वीत अंतरावर पाव ठेवावा तसा बसलाय.

३:२० – पुन्हा पाठलाग, पुन्हा दोन चढाया. झोपेतून उठले की उजळणी होते बहुतेक. पाच मिनिटांत शांत.

४:४५ – गुंड्या एकदम जागच्या जागी उडाला, हवेत वळला, परत उडाला. पॉपकॉर्न. आनंद झाला की पिल्लं अशी उडतात. तात्याने खाणं न थांबवता एक डोळा तिकडे केला.

५:३० – मुक्काम हलवला. मोठा पिंजरा सकाळीच व्हिनेगरच्या पाण्याने पुसून, सगळ्या वस्तूंच्या जागा बदलून ठेवला होता, तात्याला तो आपला जुना वाडा वाटू नये म्हणून. खाली दिवसभराची चादरच अंथरली. पाण्याच्या बाटल्या दोन, गवताचे ढीग दोन, लपायची घरं दोन. दोघांनाही एकदम आत सोडलं.

१६ फेब्रुवारी

पहाटे चारला भांडण. कारण: मी.

लपायच्या घरांपैकी एक तात्याचा आवडता लाकडी खोका होता. त्याला दार एकच. सगळीकडे लिहिलेलं असतं की नरांच्या पिंजऱ्यात एका दाराचं घर ठेवू नये, आणि मी तीन आठवडे ते वाचत आलो होतो. तरी ‘त्याला आवडतो’ म्हणून ठेवला. गुंड्या आत झोपला, तात्या दारात आला, बाहेर पडायला वाट नाही. उठून पाहिलं तर गुंड्या तात्याच्या अंगावरून उडी मारून बाहेर, कानाच्या कडेला मोहरीएवढी खोच आणि रक्ताचा एक थेंब.

रक्त दिसलं की वेगळं करायचं, असा साधारण नियम. कोपऱ्यातून सुटताना कानाला लागलेली खोच आणि ठरवून घेतलेला खोल चावा यांत फरक करावा असं मला वाटलं. चावा असता तर प्रयोग तिथेच संपवला असता. दहा मिनिटं टॉवेलात घेऊन कान सलाइनने पुसला, खोका बाहेर काढला आणि गुंड्याला परत सोडलं. तात्या आला, कान हुंगला, गेला. बस्स.

सकाळी करवतीने खोक्याला मागून दुसरं दार पाडलं. वाकडं झालंय, पण जातंय-येतंय.

१८ फेब्रुवारी

रोज दोनदा केसांत बोटं घालून चाचपतोय. केसांखालचा बारीक चावा वरून दिसत नाही, आणि चार दिवसांनी तिथे गळू होतं. काही सापडलं नाही. कानाची खोच सुकली.

२ मार्च

तात्या १०५०, गुंड्या ६५५. गुंड्या तात्याच्या मागे मागे फिरतो. तात्या गवताकडे, हा गवताकडे. तात्या पाण्याकडे, हा पाण्याकडे. बाटल्या दोन आहेत, पण पाणी त्याच बाटलीचं गोड लागतं.

फ्रिजचं दार वाजलं की आता दोन आवाजांत कल्ला. आई म्हणते एकच होता तेव्हा बरं होतं. बोलते तसं, पण ढोबळी मिरचीच्या बिया काढून ठेवलेल्या असतात.

२१ एप्रिल

दीड महिना काही लिहिण्यासारखं नव्हतं. आज आहे.

गुंड्या साडेपाच महिन्यांचा झालाय, ८२० ग्रॅम. अंगात संप्रेरकं उसळायचा हाच काळ. साधारण तीन-चार महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत ही वादळं येत-जात राहतात आणि बहुतेक जोड्या याच काळात तुटतात. गेले पंधरा दिवस घुरघुर वाढलीच होती. त्यात काल गुंड्याच्या डोळ्याला गवताची काडी लागली, पाणी यायला लागलं, म्हणून त्याला दवाखान्यात नेलं. एकट्याला.

दीड तासाने परत आणून पिंजऱ्यात ठेवलं. त्याच्या अंगाला जंतुनाशकाचा, परक्या टेबलाचा, कुठल्या कुठल्या कुत्र्या-मांजरांचा वास. तात्याने एकदा हुंगलं आणि केस फुलवले. फेब्रुवारीतल्यासारखीच नाकं वर झाली. फरक इतकाच की या वेळी गुंड्याने नाक खाली आणलं नाही.

मग गोळा. केसांचे पुंजके उडताना दिसले, कोण कुठला ते कळेना. मी सुपली दोघांच्या मधे घातली आणि तात्यावर टॉवेल टाकला. तात्याच्या वरच्या ओठाला ओरखडा, गुंड्याचे पाठीवरचे केस गेलेले, कातडी शाबूत.

आजपासून मधे जाळी. दोघांचीही चूक नाही. डॉक्टरांकडे जाताना दोघांना एकाच टोपलीत न्यायचं, आजारी कोणीही असो. हे मला फेब्रुवारीत कोणी विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

२४ एप्रिल

तीन दिवस जाळी, रोज फ्लीसची अदलाबदल. आज परत बाहेरच्या खोलीत, परत चादर, परत गवताचा ढीग. या वेळी पहिला अर्धा तास फेब्रुवारीपेक्षा वाईट गेला, दोघांचेही दात वाजत होते आणि दोनदा टॉवेल उचलावा लागला. अडीच तासांनी दोघं आडवे.

दरम्यान पिंजरा वाढवला. आधी दोन बाय चार जाळ्यांचा होता, साधारण ७० बाय १४० सेंटिमीटर. आता दोन बाय पाच, म्हणजे लांबी १७५. एक जाळी वाढवून काय होणार असं वाटलं होतं. झालं असं की पाठलाग आता अर्ध्या वाटेत कंटाळवाणा होऊन सुटतो. आधी तो कोपऱ्यात जाऊन संपायचा. गवताचे ढीगही तीन केले. मधलं घर काढून टाकलं, नुसतं दोन खांबांवरचं छप्पर ठेवलं.

३ मे

शांतता. गुंड्याचा डोळा स्वच्छ. तात्याच्या ओठावरची खपली पडली.

१४ जून

बरेच दिवस डोळ्यांसमोर होतं आणि दिसत नव्हतं. आज मिरचीचा तुकडा तात्याच्या तोंडातून गुंड्याने ओढून घेतला. तात्या जागचा हलला नाही, दात वाजवले नाहीत, नाक वर केलं नाही. मान जराशी बाजूला वळवली आणि शेजारची गवताची काडी चावायला लागला.

हे मी आधी पाहिलंय. फेब्रुवारीत, ११:२० ला, दुसऱ्याने केलेलं.

मागच्या आठवड्यांचं मोबाइलवरचं चित्रीकरण चाळलं तर लक्षात आलं की मे महिन्यातच पारडं फिरलेलं आहे. घुरघुरत फेऱ्या आता गुंड्या घालतो. खोक्यात आधी तो शिरतो, तात्या वाकड्या दारातून मागाहून. मला वाटत होतं की वरचढपणा एकदा ठरला की ठरला. पण वरचढ कोण याच्याशी त्यांचं फारसं देणंघेणं दिसत नाही, कोणीतरी असला म्हणजे झालं.

एक गोष्ट मात्र घडली नाही. चित्रांत दिसतात तसे हे दोघं एकमेकांना बिलगून झोपत नाहीत. नर बहुतेक असेच असतात. दोन वीत अंतर ठेवूनच झोपतात, पहिल्या दिवशी होतं तेवढंच. आज वजनासाठी तात्याला बाहेर काढलं, १०६० भरला. तेवढ्या दोन मिनिटांत गुंड्या जाळीवर पुढचे पाय ठेवून उभा राहिला आणि जे ओरडायला लागला ते तात्याला परत ठेवेपर्यंत थांबला नाही. ठेवल्यावर त्याला हुंगलं, एक चढाई केली आणि दोन वीत दूर जाऊन बसला.

गुंड्या ९१०. पुढच्या रविवारी नखं, दोघांची, एकाच टोपलीत.